विश्लेषण : एकटा लढवय्या अनेकांना कसा रोखतो? मध्ययुगीन व्हिडीओ गेमचे डावपेच आणि घोडखिंडीचे गणित

तलवार, ढाल किंवा भाला घेऊन लढायच्या व्हिडीओ गेममध्ये प्रत्येक नवख्या खेळाडूवर एक वेळ हमखास येते. समोर एकच शत्रू असतो तोवर सारे ठीक चालते. दुसरा आणि तिसरा येऊन मिळाला, की काही क्षणांत खेळ आटोपतो. त्याच गेममध्ये, तीच तलवार घेऊन एखादा मुरलेला खेळाडू मात्र तिघांना एकेक करून लोळवतो. त्याचा हात काही त्यांच्या तिप्पट वेगाने चालत नाही. लढायची जागा, शत्रूपासूनचे अंतर आणि कोणाला आधी गाठायचे याचा क्रम तो ठरवतो. हेच डावपेच साडेतीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत खऱ्या शस्त्रांनी लढले गेले. त्या घटनांच्या साखळीचे एक टोक रत्नागिरी जिल्ह्यात, नाटे गावाजवळच्या राजापूरच्या खाडीत आहे. एकट्याने अनेकांशी लढण्याचे हे नियम कोणते, त्यामागचे गणित काय आणि गेममध्ये काय सुटते, याचा हा आढावा.

हे गेम कोणते आणि ते वेगळे का?

मारामारीचे गेम पुष्कळ आहेत. मोबाइलवर लोकप्रिय झालेल्या ‘शॅडो फाइट’सारख्या गेममध्ये बहुतेक वेळा एकास एक अशी लढत असते. दोन लढवय्ये समोरासमोर, मागे-पुढे एवढीच हालचाल. मध्ययुगीन लढाईचे काही मोठे गेम याहून वेगळे आहेत. कॅनडातील टोरंटोच्या टॉर्न बॅनर स्टुडिओचा ‘शिव्हलरी २’ २०२१ मध्ये आला. त्यात एका मैदानात ६४ खेळाडू, म्हणजे ३२ विरुद्ध ३२, एकमेकांना भिडतात. २०१९ मध्ये आलेला ‘मॉर्डहाऊ’ स्लोव्हेनियातील ट्रायटर्नियन या छोट्या चमूने तयार केला. तलवार पात्याला धरून मुठीने घाव घालण्याच्या जुन्या जर्मन डावावरून त्याचे नाव पडले आहे. युबिसॉफ्टचा ‘फॉर ऑनर’ २०१७ चा. त्यात वरून, डावीकडून की उजवीकडून वार येतो हे ओळखून त्या बाजूला शस्त्र धरावे लागते. झेक प्रजासत्ताकातील वॉरहॉर्स स्टुडिओच्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’मध्ये (२०१८) खेळाडू १४०३ मधील बोहेमियात एका लोहाराच्या मुलाची भूमिका करतो.

या गेममध्ये तलवारीला लांबी असते, वाराला दिशा असते आणि दम संपतो. भिंतीला लागलेली तलवार अडते. म्हणूनच यात बटणे भराभर दाबण्यापेक्षा डोके अधिक चालवावे लागते. एकट्याने अनेकांशी लढण्याची खरी परीक्षाही यातच होते.

तीन शत्रू म्हणजे तिप्पट संकट, की नऊपट?

वरवर पाहता तीन शत्रू म्हणजे तिप्पट संकट. पण हिशेब तसा नाही. समजा, चौघेही सारख्याच ताकदीचे आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला एक वार करतो. तिघांनी एकदम घेरले, तर एकट्यावर सेकंदाला तीन वार पडतात. तो मात्र एकच वार करू शकतो. म्हणजे तो तिप्पट वेगाने जखमी होतो. शिवाय त्याला तिघांना संपवायचे आहे, म्हणजे कामही तिप्पट. तीन गुणिले तीन, नऊ. अशा घेऱ्यात टिकायचे तर एकट्याला प्रत्येक शत्रूपेक्षा सुमारे नऊपट सरस असावे लागते.

हा हिशेब ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडला. १९१६ च्या त्यांच्या विमानयुद्धावरील पुस्तकात तो आहे. सगळे सैनिक एकाच वेळी एकाच लक्ष्यावर मारा करू शकत असतील, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाने वाढते. हा ‘वर्ग नियम’. पण लढाई एकास एक अशीच होत असेल आणि मागच्यांना पुढे येता येत नसेल, तर बळ संख्येच्या साध्या प्रमाणातच वाढते. हा ‘रेषीय नियम’. तिघांना एकामागोमाग एक यावे लागले, तर नऊपट नव्हे, तिप्पट सरस असणे पुरते. दहा जण असतील तर हा फरक शंभर आणि दहा असा होतो.

एकट्याच्या लढाईचे सारे डावपेच या एका वाक्यात मावतात : वर्ग नियमातून निसटा आणि शत्रूला रेषीय नियमात आणा. शत्रूंची संख्या आपल्याला कमी करता येत नाही. एका क्षणी किती जणांची शस्त्रे आपल्यापर्यंत पोहोचतील, हे मात्र आपल्या हाती असते.

पहिला डाव : शत्रूंची रांग लावणे म्हणजे काय?

नवखा खेळाडू दोघे दिसताच त्यांच्या मधोमध उभा राहतो. मग एकाकडे तोंड केले की दुसऱ्याकडे पाठ होते. मुरलेला खेळाडू आधी पाय हलवतो. दोघे समोर डावी-उजवीकडे असतील, तर तो सरळ मागे न जाता एका बाजूला, समजा डावीकडे, वळसा घेत सरकतो. त्यामुळे डावीकडचा शत्रू मध्ये येतो आणि उजवीकडचा त्याच्या पाठीमागे अडकतो. आता मागच्याला वार करायचा तर आपल्याच साथीदाराला वळसा घालून यावे लागते. तो वळसा पुरा होईपर्यंतचे दोन-तीन सेकंद लढाई एकास एक असते.

यात आणखी एक फायदा आहे. ‘शिव्हलरी २’ आणि ‘मॉर्डहाऊ’मध्ये चुकलेला वार आपल्याच साथीदाराला लागू शकतो. त्यामुळे घाईने तलवार फिरवणारा मागचा शत्रू पुढच्यालाच जखमी करतो. काही वेळा एकट्याचे निम्मे काम शत्रूच करून देतात.

सरळ मागे पळणे मात्र बहुतेक वेळा अंगाशी येते. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही आणि समोरचा पुढे धावताना अधिक वेगवान असतो. मागे हटायचेच तर तोंड शत्रूकडे ठेवून, तिरके हटावे लागते.

जागा कोणती निवडावी?

दार, जिना, पूल, दोन भिंतींमधील बोळ अशा ठिकाणी शत्रूंना आपोआप रांगेत यावे लागते. पण येथे एक गफलत होते. अरुंद जागेत आपलीही तलवार अडते. आडवा फिरवलेला वार भिंतीला लागून थांबतो आणि तेवढ्यात समोरचा भोसकतो. म्हणून दारात उभे राहायचे असेल तर भोसकणारे किंवा वरून खाली येणारे वार करायचे आणि मोकळ्या मैदानात आडवे. लांब दांड्याची कुऱ्हाड मैदानात भारी पडते, तर बोळात आखूड तलवार किंवा भाला कामाला येतो.

दाराच्या आत नेमके कुठे उभे राहायचे, हेही महत्त्वाचे. चौकटीत उभे राहिले तर पुढून दोघांची शस्त्रे पोहोचू शकतात. दोन पावले आत, एका बाजूला उभे राहिले तर आत येणारा प्रत्येक जण एकटाच पुढे येतो आणि आपल्याला त्याची बाजू मिळते. मराठा दुर्गरचनेतील गोमुखी दरवाजामागे हाच विचार होता. दोन बुरुजांच्या कुशीत दार लपवायचे, तिथे येणारी वाट वळवून अरुंद करायची आणि चालून येणाऱ्या जमावाला थोड्या थोड्या माणसांच्या तुकड्यांत, वरच्या माऱ्याखाली यायला लावायचे. रायगडाचा महादरवाजा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पाठ भिंतीला लावून उभे राहण्याचा सल्लाही दिला जातो. त्याने मागचा वार टळतो, पण सरकायला जागा उरत नाही. चार-पाच जणांनी अर्धवर्तुळ केले की भिंत म्हणजे सापळा ठरतो. म्हणून भिंत हा क्षणभराचा आधार समजायचा. तेथे मुक्काम करायचा नाही.

आधी कोणाला गाठायचे?

गेममध्ये एक विचित्र नियम असतो. अंगात फक्त एक घाव सोसण्याइतके बळ उरलेला शत्रूही पूर्ण ताकदीने वार करतो. त्यामुळे तिघांना थोडे थोडे जखमी करण्यात काहीच हशील नसते. तिघेही अर्धमेले झाले तरी सेकंदाला येणारे वार तीनच राहतात. एकाला पुरते संपवले तर ते दोनवर येतात. वर्ग नियमाच्या भाषेत, तीनचे दोन झाले की समोरचे बळ नऊवरून चारवर उतरते. निम्म्याहून मोठी घट पहिल्याच बळीत होते. म्हणून आधीच जखमी असलेला, चिलखत कमी असलेला किंवा जोशात सर्वांच्या पुढे धावत आलेला शत्रू पहिला.

खऱ्या लढाईत गोष्ट वेगळी असते. जखमी माणूस बिचकतो, मागे हटतो आणि त्याला पाहून शेजारचाही थबकतो. तेथे प्रत्येकाला थोडे घाबरवणे हाही डाव असू शकतो. गेममधल्या शत्रूला जिवाची भीती नसते, हा दोहोंतला मोठा फरक.

दम, वेळ आणि खोटे वार

पडद्यावर दमाची एक पट्टी असते. वार हुकला की ती घटते, वार अडवला तरीही घटते. दम पूर्ण संपलेल्या अवस्थेत वार अडवायला गेले तर हातातून शस्त्र निसटते. तिघांशी लढताना हीच पट्टी सर्वांत आधी रिकामी होते. म्हणून मुरलेले खेळाडू न लागणारे वार टाळतात, अधूनमधून अंतर वाढवतात आणि दम भरू देतात.

वार अडवून त्याच हालचालीत उलट वार करणे, हे एकट्याचे सर्वांत भरवशाचे हत्यार. ‘शिव्हलरी २’मध्ये असा प्रतिवार जमला, तर काही क्षण समोरून येणारे इतरांचे वारही आपसूक अडतात. ‘फॉर ऑनर’मध्ये अनेकांचे वार अडवत गेले की ‘रिव्हेंज’ नावाची पट्टी भरते आणि थोडा वेळ अंगात जादा बळ येते. गेम बनवणाऱ्यांनी एकट्याला दिलेली ही सवलत आहे. तिचा उपयोग मात्र शांत डोक्याने अडवणाऱ्यालाच होतो, अंधाधुंद वार करणाऱ्याला नाही.

खोटा वार दाखवून फसवणे हा डाव एकास एक लढतीत चालतो. अनेकांपुढे तो महाग पडतो. एकाला फसवण्यात गेलेल्या अर्ध्या सेकंदात दुसऱ्याचा वार येऊन पोहोचतो.

कॉम्प्युटरचे शत्रू पाळीपाळीने का येतात?

चित्रपटात नायकाला दहा गुंड घेरतात, पण पुढे एकेकच येतो. कॉम्प्युटरविरुद्ध खेळायच्या अनेक गेममध्येही तसेच घडते आणि ते मुद्दाम केलेले असते. शत्रूंच्या आज्ञावलीत ‘परवाने’ ठेवलेले असतात. ज्याच्याकडे परवाना, त्यानेच वार करायचा. बाकीच्यांनी भोवती फिरत, ओरडत वेळ काढायचा. अडचण पातळी वाढवली की परवाने वाढतात. खेळाडूला वाटते, आपण दहा जणांशी लढलो. प्रत्यक्षात गेमने त्याला गुपचूप रेषीय नियमाची भेट दिलेली असते.

‘किंगडम कम’ने ही मेहेरबानी पुष्कळ कमी केली. त्यात तीन दरोडेखोर बाजूने आणि पाठीमागून घेरतात. सुरुवातीच्या टप्प्यात खेळाडूने घोडा, धनुष्य किंवा पळ यांचा आधार घेतला नाही तर मरण ठरलेले. ऑनलाइन गेममध्ये तर शत्रू ही खरीच माणसे असतात. ती पाळीची वाट पाहत नाहीत. म्हणूनच कथानकाच्या गेममध्ये शूर ठरलेला खेळाडू ऑनलाइन मैदानात पहिल्याच दिवशी चारीमुंड्या चीत होतो.

राजापूरच्या खाडीचा याच्याशी काय संबंध?

राजापूर तालुक्यात खाडीच्या मुखाजवळ नाटे आणि जैतापूर ही गावे आहेत. नाट्याला जांभ्या दगडात बांधलेला यशवंतगड आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या रेडीचा यशवंतगड वेगळा. राजापूर ही सतराव्या शतकातली भरभराटीची पेठ होती. तिचा व्यापार याच खाडीवाटे समुद्राकडे जाई आणि तेथे इंग्रजांची वखार होती.

मार्च १६६० पासून विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर होते. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले आणि त्यांनी गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात उडी घेतल्याचा हिशेब महाराजांनी पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, चुकता केला. राजापूरवर धाड पडली, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद झाले.

पन्हाळ्याचा वेढा आणि राजापूरची धाड या दोन घटनांच्या मध्ये घोडखिंडीची लढाई आहे.

घोडखिंडीत डाव कोणता होता?

१२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, महाराज पन्हाळ्याहून निसटले आणि सुमारे ६० किलोमीटरवरील विशाळगडाकडे निघाले. महाराजांचे सोंग घेऊन शिवा काशीद शत्रूच्या हाती गेले आणि थोडा वेळ मिळाला. सोंग उघड होताच सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. मोकळ्या माळावर गाठ पडली असती तर संख्येपुढे इलाज नव्हता. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थांबले. त्यांच्यासोबत बंधू फुलाजी आणि परंपरेनुसार सुमारे ३०० मावळे होते. महाराज उरलेल्यांसह पुढे गेले. विशाळगडाच्या पायथ्याशीही शत्रूचा वेढा होता, तो फोडून त्यांना गडावर जायचे होते.

ही निवड वर दिलेल्या गणितात बसवून पाहावी. खिंडीत एका वेळी मोजकेच लोक भिडू शकतात. पाठलाग करणाऱ्यांची मागची गर्दी तेथे निरुपयोगी ठरते. राखणाऱ्यांपैकी पुढचा थकला की मागचा पुढे येऊ शकतो, म्हणजे दमाचा प्रश्नही सुटतो. तोड्याच्या बंदुका धुवाधार पावसात पेटवणे अवघड. लांबून एकवटून मारा करणे, म्हणजेच वर्ग नियमाचे मुख्य साधन, शत्रूच्या हातून बरेचसे निसटते. उरते ते हातघाईचे युद्ध, रेषीय नियमातले.

लँचेस्टरच्या अडीचशे वर्षे आधी हे गणित कोणी कागदावर मांडले नव्हते, पण सह्याद्रीत वाढलेल्यांना ते पायाखालच्या वाटेइतके ठाऊक होते. बाजीप्रभूंच्या पराक्रमाचे वर्णन आपण नेहमी मनगटाच्या बळाने करतो. जागा निवडण्यामागची त्यांची बुद्धी तेवढ्याच आदराने सांगायला हवी.

आणखी एक प्रसंग याच संदर्भात आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीत सय्यद बंडा महाराजांवर धावून आला, तेव्हा जिवा महाला याने त्याला रोखले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यातून आली. समोरच्याशी झुंजताना बाजूने येणारा दुसरा वार हाच एकट्याचा खरा घात असतो. त्यावर सर्वांत पक्का उपाय म्हणजे बाजू राखणारा साथीदार.

दांडपट्टा आणि मर्दानी खेळ काय शिकवतात?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. हे शस्त्र जणू घेरले गेलेल्या माणसासाठीच घडवले असावे. साधारण तीन-चार फुटांचे लवचीक, दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारी पोकळ मूठ, तिला खोबळा म्हणतात. आतल्या आडव्या दांडीला धरले की मनगट बंदिस्त होते. म्हणून वार मनगटाने न होता कोपर, खांदा आणि कमरेच्या वळणाने होतो. पट्टा सतत फिरता ठेवावा लागतो. एका वाराचा शेवट हीच पुढच्या वाराची सुरुवात. त्या फिरत्या वर्तुळात पाऊल टाकायला कोणी सहजी धजत नाही.

त्याच्या मर्यादाही आहेत. लवचीक पाते भोसकायला फारसे उपयोगी नाही. त्याला फिरायला मोकळी जागा लागते आणि जवळ भिडलेल्या शत्रूपुढे ते अडचणीचे ठरते. म्हणजे बोळात तलवार-ढाल, मैदानात पट्टा. गेममधला जागेनुसार शस्त्र निवडण्याचा नियम येथेही तसाच लागू पडतो.

कोल्हापूर आणि परिसरातील आखाड्यांत मर्दानी खेळाची परंपरा आजही टिकून आहे. लाठी, बोथाटी, विटा, फरीगदगा, तलवार, पट्टा असा हा क्रम. हातात शस्त्र देण्याआधी येथे पवित्रा शिकवतात, म्हणजे पावले कशी टाकायची, वळायचे कसे, तोल कसा राखायचा. विट्याचे उदाहरण बोलके आहे. या भाल्याला दोरी बांधलेली असते. फेकला तरी तो ओढून परत हाती घेता येतो. एकट्या माणसाला शस्त्र गमावणे परवडत नाही, ही जाणीव त्या दोरीत आहे. राज्यशस्त्राचा मान मिळाला, पण पट्टा शिकवणारे हात टिकले नाहीत तर तो मान फक्त मिरवणुकीपुरता राहील.

जगात इतरत्र असे शिक्षण होते का?

होते. इटालियन गुरू फिओरे दे लिबेरी यांच्या सुमारे १४१० च्या ग्रंथात एक गुरू तलवार घेऊन तिघा हल्लेखोरांची वाट पाहत उभा आहे, असे चित्रच आहे. पोर्तुगीज शस्त्रगुरू दियोगो गोमेस दे फिगेरेदो यांनी १६५१ मध्ये, घोडखिंडीच्या केवळ नऊ वर्षे आधी, दोन हातांनी चालवायच्या ‘मोंतांते’ या मोठ्या तलवारीचे १६ साधे आणि १६ जोड नियम लिहून ठेवले. त्यातले बरेचसे एकट्याने अनेकांना तोंड देण्याचेच आहेत. रुंद रस्त्यासाठी वेगळा नियम, अरुंद गल्लीसाठी वेगळा. गलबतावरील चिंचोळ्या वाटेसाठी वेगळा, सोबतच्या स्त्रीचे रक्षण करायचे असेल तर आणखी वेगळा. ‘कसे लढायचे’ याआधी ‘कुठे आणि कशासाठी’ हा प्रश्न या गुरूंनीही ठेवलेला दिसतो.

आपल्याकडच्या गेममध्ये हे कुठे दिसते?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. मध्ययुगीन राजस्थानच्या वास्तुकलेवरून रचलेल्या जगात राजी नावाची मुलगी भावाच्या शोधात असुरांच्या टोळ्यांशी एकटी लढते. ती भिंतीवर धावते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या वेगातून वार करते. म्हणजे येथेही जागा हेच शस्त्र. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. २०२३ मध्ये तो नेटफ्लिक्सच्या माध्यमातून मोबाइलवरही आला.

खिंड, गोमुखी दरवाजा, खाडीकाठचा कोट, बंदिस्त मनगटाचा पट्टा आणि दोरी बांधलेला विटा यांत गेमला लागणारे सारे काही तयार आहे. येथील जागा आणि शस्त्रांचे नियम इतके स्पष्ट आहेत, की ते आज्ञावलीत उतरवता येतील. पराक्रमाच्या घोषणांसोबत हे बारकावेही अभ्यासले गेले, तर अशा गेमला वेगळेच वजन येईल.

गेममध्ये काय सुटते?

पहिली गोष्ट, मरण. ‘शिव्हलरी २’मध्ये पडलेला खेळाडू थोड्या वेळात पुन्हा मैदानात उतरतो. त्यामुळे एकट्याने तिघांना भिडणे हा तेथे गमतीचा जुगार असतो. घोडखिंडीत थांबणाऱ्यांना दुसरा डाव नव्हता आणि हे त्यांना थांबतानाच ठाऊक होते.

दुसरी गोष्ट, जिंकण्याचा अर्थ. गेममध्ये विजय म्हणजे किती जण पाडले याचा आकडा. बाजीप्रभूंच्या लढाईत विजयाचे माप वेळ हे होते. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत खिंड राखली गेली, बाजी आणि फुलाजी धारातीर्थी पडले, तरी लढाई सफल झाली. गंमत अशी, की सांघिक गेममध्येही शहाणे खेळाडू याच मापाने खेळतात. ३२ विरुद्ध ३२ च्या लढतीत एकाने तिघांना नुसते गुंतवून ठेवले, तर बाकी मैदानात त्याचे ३१ साथीदार २९ जणांशी लढतात. वर्ग नियमाने ते ९६१ विरुद्ध ८४१ होते. त्या एकट्याने एकही शत्रू पाडला नाही, तरी पारडे त्याच्या बाजूला झुकते.

तिसरी गोष्ट, पळ. प्रत्यक्ष जीवनात अनेकांनी घेरले तर सर्वांत योग्य डाव म्हणजे तेथून निघून जाणे आणि मदत मिळवणे. आखाड्यातले वस्तादही हेच सांगतात. पन्हाळ्याहून निसटणे हा त्या साऱ्या मोहिमेचा मूळ डाव होता. त्याला कोणी भ्याडपणा म्हणत नाही. खिंडीतील झुंज झाली ती ती सुटका पूर्ण व्हावी म्हणून.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर तलवार चालवणाऱ्या मुलांना एवढे कळले, की दोन पावले बाजूला सरकल्याने तीन शत्रूंचा एक होतो, तर ते गेम चांगला खेळतील. नाट्याचा यशवंतगड, पन्हाळा किंवा पावनखिंड पाहायला गेल्यावर त्यांनी वाटेची रुंदी, वळण आणि चढ पाहून येथे एका वेळी किती जण भिडू शकतील याचा अंदाज घेतला, तर इतिहासही त्यांना अधिक चांगला कळेल.